डिसॅबिलिटी पेन्शन काढून देतो म्हणाला आणि फाईलच घेऊन गेला

मी इन्फंट्रीत ११ वर्षं काढली आणि जून २०२१ मध्ये बोर्ड आऊट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाने नोकरीला अपात्र ठरवून, घरी आलो. कारण फिट, म्हणजे आकडी. पहिली फिट नाईट ड्युटीवर आली, मला त्यातलं काहीच आठवत नाही, शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली आणि बुटाच्या लेस कुणीतरी सोडलेल्या. मग मिलिटरी हॉस्पिटल, ईईजी, एमआरआय, गोळ्या, लो मेडिकल कॅटेगरी. हत्यार बंद, ड्रायव्हिंग बंद, स्टोअरमध्ये बसून ब्लँकेट मोजायचे. पुढे परत दोनदा आली आणि इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसला.

बोर्डाने लिहिलं डिसॅबिलिटी २० टक्के, आणि खाली लिहिलं की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. याला फौजेत इंग्रजी आद्याक्षरांवरून नाना म्हणतात. ऐकायला कुणी घरातलं म्हातारं माणूस वाटतं, पण हा नाना लागला की डिसॅबिलिटी पेन्शन गेली. सर्व्हिस १० वर्षांच्या वर होती म्हणून इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे आजारामुळे काढलेल्याची साधी पेन्शन, चालू झाली, तेवढं बरं, पण डिसॅबिलिटीचा क्लेम ऑक्टोबरमध्ये रिजेक्ट होऊन आला. त्याच लेटरमध्ये खाली होतं की सहा महिन्यांत अपील करता येईल. ती ओळ मी वाचली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळे म्हणतात तुला माहीत नव्हतं का. माहीत होतं. फक्त ती ओळ आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही. भरती झालो तेव्हा डॉक्टरांनी नखशिखांत तपासून धडधाकट म्हटलं होतं आणि आता म्हणतात हे तुझं घरचं दुखणं, हे एवढं लागलं होतं की त्या लेटरला हात लावायची इच्छा होत नव्हती.

तो माणूस डिसेंबरमध्ये भेटला, कॅन्टीनच्या लाईनमध्ये. माझ्या पुढे उभा होता, हातात जाड फाईल, स्वतःहून बोलायला लागला. मी रेकॉर्ड ऑफिसमध्ये बाबू होतो, आता रिटायर होऊन आपल्या पोरांची कामं करतो म्हणाला. फौजेतली सगळी भाषा पाठ, मेडिकल कॅटेगरीतलं शेप वन काय, पी फाईव्ह काय, अपील कुठल्या टेबलावर अडकतं, सगळं. मी नाना म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "फौजी, ११ वर्षं वापरून घेतलं आणि भंगारात काढलं तुम्हाला. तुमचा काही दोष नाही यात." खरं सांगतो, मी इथेच फसलो. पैशाचं नंतर. घरी आल्यापासून हे वाक्य मला कुणीच म्हटलं नव्हतं.

मग सुरू झालं. रजिस्ट्रेशनचे ८ हजार, फाईल हलवायला २५ हजार, मग "ट्रायब्युनलची", म्हणजे फौजेच्या वेगळ्या कोर्टाची, "फी" म्हणून ४० हजार. शंभरच्या स्टॅम्प पेपरवर करार, की जी थकबाकी मिळेल त्यातले ३० टक्के त्याचे. थकबाकी किती मिळेल विचारलं तर म्हणे ११ लाख कुठे नाही गेले. आता मी शाळेत गणितात ढ नव्हतो हो. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, १०० टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो, बोर्ड आऊट झालेल्याचे २० टक्के ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याच्या नियमात, ५० धरले जातात, म्हणजे पगाराच्या १५ टक्के. एमएसपी, म्हणजे मिलिटरी सर्व्हिस पे, धरून ४० हजार पगार धरला तर महिन्याला ६ हजार, वर महागाई. मला घरी येऊन तेव्हा सहा महिने झालेले. ११ लाख कुठून येणार? हा हिशोब मी दीड वर्षाने केला. बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "अहो, अर्ज केलाय तर त्याची पोच कुठंय?" मी तिला म्हटलं तुला फौजेतलं काय कळतं.

पोच त्याने दिली नंतर, व्हॉट्सॲपवर. गोल शिक्का, डायरी नंबर, इंग्रजीत दोन ओळी. मला पुरेसं होतं.

ओरिजिनल कागद त्याने पहिल्याच दिवशी घेतले, बोर्डाचे पेपर, रिजेक्शन लेटर, डिस्चार्ज बुकसुद्धा. झेरॉक्स चालत नाही म्हणाला. स्पर्शचा, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाईन पोर्टलचा, युजर आयडी, पासवर्ड घेतला, एक दिवस फोन करून ओटीपी पण घेतला आणि त्या दिवसापासून माझ्या स्पर्श अकाउंटला मोबाईल नंबर त्याचा. पेन्शन बँकेत येत होती म्हणून मला पत्ताच नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. त्याने एक ॲफिडेव्हिट टाईप करून आणलं, त्यात लिहिलेलं की मी फॉरवर्ड पोस्टवर गाडीतून पडलो, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून फिट येतात. मी म्हटलं असं काही झालंच नाही. तो म्हणाला नाना काढायचा तर काहीतरी कारण पाहिजे, सगळे असंच करतात. मी पेन हातात घेतला होता. सही केली नाही त्यात माझा मोठेपणा काही नाही, नोटरीचं दुकान त्या दिवशी बंद होतं एवढंच, आणि नंतर तो विषय निघाला नाही.

२०२२ सगळं "या महिन्यात ऑर्डर येते" मध्ये गेलं. मग फोन उचलणं कमी झालं, मग बंद. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला भरायला गेलो तर लॉगिन होईना, तेव्हा पोटात गोळा आला. तरी फेब्रुवारी २०२३ उजाडला मला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला. तिथल्या सुभेदार साहेबांनी व्हॉट्सॲपवरची पोच बघितली, चष्मा काढला आणि विचारलं, "किती दिलेस बाळा?" मी म्हटलं ७३ हजार. ते म्हणाले पहिल्या अपिलाला एक रुपया फी नाही, साधा अर्ज असतो, आपल्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला जातो. त्यांनी तिथूनच चौकशी केली. माझ्या नावाचं एकही अपील कधी दाखल झालेलं नव्हतं. सहा महिन्यांची मुदत एप्रिल २०२२ लाच संपलेली.

त्यांनी एका वकीलबाईंकडे पाठवलं. त्यांना मी सगळं सांगितलं, ॲफिडेव्हिटचं पण. त्या म्हणाल्या सही केली असती तर तुमची चांगली केस तुम्हीच मारली असती. कारण बोर्डाच्या पेपरमध्ये कुठे डोक्याला मार नाही, खोटं लगेच उघडं पडलं असतं. आणि गरज काय होती, सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल आहे, तो पण फिटचाच जवान, १९८५ ला भरती झालेला आणि १९९४ ला बोर्ड आऊट, त्याची पण डिसॅबिलिटी २० टक्केच. कोर्ट म्हणालं भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं, आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. म्हणजे मला जे लागलं होतं, की भरतीला धडधाकट होतो मग आता घरचं दुखणं कसं, तोच माझा मुद्दा होता. खरं तेवढंच पुरत होतं. मी मात्र एका चोराला ७३ हजार देऊन खोटं विकत घ्यायला निघालो होतो.

तो ३० टक्क्यांचा करार पण कागदाचा बोळा आहे म्हणाल्या. १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम १२, पुढे मिळणाऱ्या पेन्शनचा हिस्सा कुणाच्या नावे लिहून दिला तर तो करारच रद्दबातल. आणि वकिलाला तर निकालाच्या रकमेत वाटा मागताच येत नाही, त्यामुळे टक्केवारी बोलणारा माणूस वकील असो नसो, तिथूनच उठायचं. उशिराचं नुकसान वेगळंच, ट्रायब्युनलमध्ये उशिरा गेलं की थकबाकी बऱ्याचदा मागच्या तीन वर्षांपुरतीच देतात.

आता सर्व्हिस डॉक्युमेंटच्या सर्टिफाईड कॉपी रेकॉर्ड ऑफिसकडून अर्ज करून मिळवल्या, स्पर्शचा नंबर परत माझा करून घेतला, आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या मुंबई बेंचला उशीर माफीच्या अर्जासकट केस टाकली. पोलिसात तक्रार दिली, ओटीपीचं सायबर हेल्पलाईन १९३० वर पण नोंदवलं. पैसे गेले असं धरून चाललोय. डिस्चार्ज बुक अजून त्याच्याकडेच आहे, त्याचं जास्त वाईट वाटतं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात एका पोराचा फोन आला. आर्टिलरीचा, २६ वर्षांचा, शुगरमुळे बोर्ड आऊट. त्याला माझा नंबर माझ्याच बोर्डाच्या पेपरवरून मिळाला, त्या माणसाने ते पेपर त्याला दाखवले होते, ही केस मी जिंकून दिली म्हणून. पोरगा विचारत होता, "दादा, तुम्हाला थकबाकी किती मिळाली?"

मी विचारलं, तुझे कागद त्याला दिलेस का.

म्हणाला, उद्या देणार आहे.