'साइन लर्न' ॲप आणि बालवाडीतला गोष्टीचा तास

अंगणवाडीत किंवा बालवाडीत खुणांच्या भाषेतून गोष्ट सांगायची म्हटलं, की पहिली अडचण येते ती खुणा आणायच्या कुठून. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचं 'साइन लर्न' हे मोफत ॲप 23 सप्टेंबर 2022 ला आलं, ते यासाठीच हाताशी ठेवावं. केंद्राचा खुणांचा कोश 2018 मध्ये 3000 शब्दांचा होता, 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत तो 10,000 वर गेला, आणि तो सगळा या ॲपमध्ये आहे. आमचे गुण पाचपैकी साडेतीन.

आधी जमेची बाजू. खानापूर, निपाणी, बेळगावच्या वर्गांत एक मूल घरी मराठी ऐकतं, शेजारचं कन्नड. खूण या दोन्हींपैकी कुणाचीच नाही. चिमणी म्हणा की गुब्बच्ची, हात तसाच हलतो. त्यामुळे मिश्र वर्गात खुणांची गोष्ट उलट सोपी जाते. फक्त खुणेबरोबर ओठांनी कोणता शब्द म्हणायचा ते आधी ठरवा. आज मराठी, उद्या कन्नड असं केलं तर ओठांकडे बघून शब्द ओळखणारं मूल गोंधळतं.

ॲप हिंदी आणि इंग्रजी शोधासह आलं. मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण हिंदीत 'चिमनी' म्हणजे धुराडं! 'गौरैया' किंवा 'चिड़िया' शोधा. कावळ्यासाठी 'कौआ', शेणासाठी 'गोबर', मेणासाठी 'मोम'. गोष्टीतले शब्द आधी कागदावर हिंदीत उतरवून मगच ॲप उघडावं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत ऐनवेळी नेटवर्कवर विसंबू नये, तयारी आदल्या दिवशीच उरकावी.

आता दीड गुण कुठे कापला ते. कोशात शब्द मिळतो, वाक्य मिळत नाही. दहा शब्दांचे दहा व्हिडिओ पाठ करून ओळीने हात हलवले तर ती खुणांची भाषा होत नाही, हातांनी म्हटलेली मराठी होते. 'च्या', 'ला', 'तून' यांना वेगळ्या खुणा नाहीत, ते काम जागा करते. कावळ्याचं घर डावीकडे 'बांधलं' की गोष्ट संपेपर्यंत ते डावीकडेच हवं. चिमणीचं उजवीकडे. मधेच बाजू बदलली तर मुलांच्या लेखी कावळा चिमणीच्या घरात राहायला गेला. प्रश्नाची खूण शेवटी येते: 'दार, वाजवणं, कोण'. 'नाही' सुद्धा शेवटीच. हो-नाहीच्या प्रश्नाला तर बऱ्याचदा वेगळी खूणच नसते, भुवया वर जातात आणि डोकं किंचित पुढे येतं. सुट्या शब्दाच्या व्हिडिओत हे दिसणार कसं? म्हणून कोशाच्या जोडीला खुणांची भाषा घरात बोलणारी एखादी मोठी कर्णबधिर व्यक्ती हवीच. गोष्ट तिनेच सांगावी हे उत्तम, निदान तालीम तरी तिच्यासमोर व्हावी.

गोष्ट चिऊ-काऊचीच घ्या. कन्नड घरांत हीच जोडी कागक्का-गुब्बक्का म्हणून ओळखीची असते. पात्रं दोन, घरं दोन, आणि 'थांब, बाळाला न्हाऊ घालते' हा दर वेळी परत येणारा नकार. हा नकार म्हणजे गोष्टीचं सोनं आहे, कारण तिसऱ्या खेपेला मुलं तो स्वतःच करू लागतात. चिमणी बोलताना खांदे एका बाजूला वळवा आणि नजर दारातल्या कावळ्याकडे ठेवा, कावळा बोलताना उलट. 'चिमणी म्हणाली' वेगळं सांगावं लागत नाही. शेणाचं-मेणाचं हे यमक मात्र हातात येत नाही, ते सोडून द्या. त्याऐवजी हाताच्या एकाच आकाराचा खेळ करा: उघड्या पंजाने पाऊस, उघड्या पंजाने दार, उघड्या पंजानेच वाहून गेलेलं घर.

तीन-चार वर्षांच्या मुलांना एका तासाला पाच-सहा नव्या खुणा पुरतात, पाच-सहा वर्षांच्यांना आठ-दहा. गोष्ट पंधरा मिनिटांची. मुलं बारापर्यंत, अर्धवर्तुळात, कुणाच्या डोक्याआड कुणी नको. सांगणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळवंडतो, म्हणून खिडकी मुलांच्या पाठीशी ठेवा. साडी किंवा सदरा एकरंगी, हातांच्या रंगाहून वेगळा. काचेच्या बांगड्या त्या तासापुरत्या उतरवा, चमकल्या की डोळे बोटांवरून ढळतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुस्तक धरण्यात. ऐकणारं मूल चित्र बघता बघता गोष्ट ऐकतं, पण डोळ्यांनी 'ऐकणारं' मूल दोन्ही एकदम करू शकत नाही. आधी चित्र दाखवा, मुलांच्या नजरा वर येईपर्यंत थांबा, पुस्तक खाली ठेवा, मग हात उचला. स्टँड असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. ॲपचा व्हिडिओ वर्गात फिरवू नका, तो शिक्षिकेच्या तयारीसाठी आहे.

ऐकणारी मुलंही असतील तर आवाजासाठी दुसरी व्यक्ती बाजूला बसवा. एकाच माणसाने बोलत बोलत खुणा केल्या की खुणांची मोडतोड होते. बोलण्याचा क्रम जिंकतो आणि अर्धी वाक्यं हातातून गळतात.

लक्ष वेधायला हात हलवा, खांद्यावर थाप द्या किंवा दिवा एकदा बंद-चालू करा. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटला तर चालतं, शहाबादी फरशीवर कंप पोचतच नाही. लहानग्यांच्या खुणा बोबड्या येतात. मूठ, उघडा पंजा आणि एक बोट हे आकार आधी जमतात, बाकीचे मागून. बोटं धरून वळवू नका, बरोबर खूण पुन्हा समोर करा. डावखुऱ्या मुलाने डाव्या हाताने केली तर ती चूक नव्हे. शेवटी टाळी वाजवायची नाही, दोन्ही हात वर करून पंजे फिरवायचे.

यूट्यूबवरचे परदेशी 'बेबी साइन' व्हिडिओ टाळा, त्यातले बरेचसे अमेरिकन खुणांचे असतात. पारख सोपी आहे: इंग्रजी अक्षरं एका हाताने दाखवली तर ते अमेरिकन वळण, आपल्याकडे ती दोन हातांनी होतात. मोठ्या मुलांसाठी डीटीएचवर पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक उपक्रमाची 31 क्रमांकाची वाहिनी डिसेंबर 2024 पासून भारतीय सांकेतिक भाषेला वाहिलेली आहे.

पावसाळ्यात खानापूरकडे दुपारीच अंधारून येतं आणि वीजही जाते. तास सकाळी ठेवा, एक चार्जिंगचा दिवा जवळ असू द्या. दिवा समोरून, डोक्याच्या उंचीवर धरायचा. खालून धरला तर चिमणीसुद्धा भुतासारखी दिसते.