फुल-फ्रेम घेताय? आधी माउंट ठरवा

सोनी ए७ फोर, कॅनन आर६ मार्क टू, निकॉन झेड६ थ्री, पॅनासॉनिक एस५ टू. पहिल्यात ३३ मेगापिक्सेल, बाकीच्यांत साधारण २४. सेन्सर सगळ्यांचा ३६ × २४ मिमी, म्हणजेच फुल-फ्रेम. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कशातून काढलाय हे ओळखणं अवघड. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स मात्र राहतात, त्यामुळे आपण खरं तर माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारी कंपनीची जोडणी, विकत घेत असतो.

लेन्सच्या निवडीत सोनी पुढे, यात वाद नाही. सोनीच्या ई माउंटवर फुल-फ्रेम २०१३ पासून आहे आणि सिग्मा-टॅमरॉनसारख्या बाहेरच्या लेन्स कंपन्यांना दार उघडं आहे. टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ ५४० ग्रॅमची, सोनीची २४-७० जीएम टू ६९५ ग्रॅमची. दीडशे ग्रॅम वाचतात खरे, पण छोट्या खोलीत ग्रुप फोटो घेताना पाठ भिंतीला टेकली की २८ आणि २४ मिमीमधला फरक कळतो (आकडा कमी, तितकं दृश्य रुंद). बाहेरच्या लेन्सवर सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे. ए७ फोर मुळात १० च्या वर जात नाही, तेव्हा ती काळजी ए१, ए९ वाल्यांनी करावी.

कॅननचा ऑटोफोकस झकास, पण आरएफ माउंटवर सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरपुरत्याच आल्या आहेत. कॅननची स्वतःची २०२४ ची आरएफ २८-७० एफ/२.८ एसटीएम (४९५ ग्रॅम) आल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली. कॅननच्या डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स असतील तर अडॅप्टर लावून त्या बिनतक्रार चालतात. स्वस्त आरएफ १६ एफ/२.८ चे कोपरे मात्र सॉफ्टवेअर ताणून सरळ करतं, म्हणून ते मऊ दिसतात.

निकॉनवाल्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकस मोटर नाही. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स चालतील, पण स्क्रूवर फिरणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतील. झेड६ थ्रीचा सेन्सर झटपट वाचला जातो, त्यामुळे सायलेंट शटरवर फिरती बॅट वाकडी येण्याचं प्रमाण कमी. त्या बदल्यात कमी आयएसओवर काढलेल्या फोटोतल्या सावल्या एडिटिंगमध्ये फार उजळल्या तर नॉइज थोडा जास्त. पक्ष्यांसाठी १८०-६०० घ्या. झूम करताना नळी बाहेर येत नाही, ट्रायपॉडवरचा तोल ढळत नाही.

व्हिडिओवाल्यांना पॅनासॉनिक. १८, २४, ३५, ५० आणि ८५ मिमीच्या एफ/१.८ लेन्स जवळपास एकाच आकाराच्या आणि सगळ्यांना ६७ मिमी फिल्टर. एकच एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) पुरतो, लेन्स बदलल्यावर गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) नव्याने बॅलन्स करण्याची कटकटही फारशी उरत नाही. वेगवान खेळासाठी मात्र ही माझी पहिली पसंती नाही.

कुठल्याही माउंटची लेन्स घ्या, परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी कराच. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, स्टॅबिलायझेशन बंद. लांबचा बारीक तपशील, म्हणजे एखादी पाटी किंवा अँटेना, आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा, दर वेळी तिथेच फोकस करा आणि १०० टक्क्यांवर पाहा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या डिझाइनचा स्वभाव. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे. लेन्स बदलून घ्या.