हिरव्या पाण्यावर उपाय: यूव्ही दिवा की वनस्पतींचा वाफा?

तळ्याचे पाणी हिरवे झाले की यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बसवावा की खडी आणि पाणवनस्पतींचा गाळणवाफा करावा, असा पेच पडतो. मात्र त्याआधी पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट, ही माशांच्या मलमूत्रातून तयार होणारी विषारी द्रव्ये, तपासावेत, कारण दोन्ही शून्य नसतील तर माशांना खरा धोका त्यांचा असतो, हिरव्या रंगाचा नव्हे.

परिणाम दिव्याचा लवकर दिसतो. त्याच्या किरणांनी पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ निकामी होते आणि त्याचे पुंजके फिल्टरमध्ये अडकतात. परंतु दगडांना चिकटलेल्या तंतुमय शेवाळावर किंवा पाण्यातील नायट्रेटवर तो काहीही करत नाही. वाफ्याला जम बसायला कित्येक आठवडे लागतात. तिथे खडीवरचे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, ते नायट्रेट वनस्पतींची मुळे शोषून घेतात आणि शेवाळाचे खाद्यच तुटते.

खर्च वाफ्याला मुख्यतः एकदाच, पण जागा भरपूर लागते. दिव्याला वीज सतत लागते. शिवाय साधारण वर्षभरात त्याची ताकद घटते. निळसर उजेड दिसत राहतो, म्हणून हे लक्षातच येत नाही. काचेच्या नळीवरचा क्षारांचा थरही अधूनमधून काढावा लागतो. वाफ्यातला गाळ उपसणे मात्र अधिक कष्टाचे.

जागा कमी आणि जैविक फिल्टर (ज्यातले जिवाणू अमोनियाचे रूपांतर करतात) आधीच नीट चालत असेल तर दिवा पुरेसा आहे. मासे जास्त, ऊन भरपूर आणि थांबायची तयारी असेल, तर वाफाच करावा.