अहवालात चिलर होता, आमच्या इमारतीत नाही

सांगलीत विश्रामबागला आमचं तीन मजली व्यापारी संकुल आहे. 22 गाळे, वर सहा ऑफिसं. देखभालीचं मी बघतो. गेल्या वर्षी एक 'ग्रीन बिल्डिंग सल्लागार' आला. "साहेब, ऊर्जा संहिता, म्हणजे इमारतींच्या वीजबचतीचे सरकारी नियम, आता सक्तीची आहे, नोटीस आली की दंड भरावा लागेल. मी ऑडिट करतो, प्रमाणपत्र आणतो, बिल तीस टक्के खाली आणतो." फी 1 लाख 80 हजार, निम्मी आगाऊ.

नोटिशीच्या धाकानं मी सही केली. खरं तर 2017 ची ती संहिता नव्या व्यापारी इमारतींसाठी आहे, तीही 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए मागणी, किंवा त्याहून जास्त असलेल्या. आमच्या गाळ्यांचे मीटर वेगवेगळे. सामायिक मीटरवर लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे, एवढंच. त्याचं बिल महिन्याला एकवीस हजारांच्या आसपास. तीस टक्के खरोखर वाचले असते तरी वर्षाला पंचाहत्तर हजार. हा गुणाकार मी सहीआधी केला नाही, याची खंत अजून जात नाही, कारण पैसे गाळेधारकांचे होते.

ऑडिटला एक मुलगा आला, दीड तास थांबला, बिलांच्या झेरॉक्स घेऊन गेला. मग त्यांनी 42 हजारांची एक पेटी बसवली. क्लॅम्प मीटर लावून मोटरचे अँपिअर खाली आलेले आमच्या डोळ्यांसमोर दाखवले. आम्ही सगळे खूश. पेटीत निघाले कपॅसिटर. त्यानं करंट कमी दिसतो, पण आमचं बिल युनिटवर येतं, आणि युनिट होते तेवढेच राहिले.

अहवाल 84 पानांचा. उरलेले पैसे तो हातात पडताच दिले, वाचला नंतर. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रिकल शिकलेला माझा भाचा तो चाळत होता. म्हणाला, "मामा, तुमच्याकडं चिलर, म्हणजे सेंट्रल एसीचं मोठं यंत्र, कुठाय? आणि हवामान पुण्याचं का घातलंय?" दुसऱ्याच कुणाच्या इमारतीचा अहवाल होता तो, फक्त नाव आमचं. सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्रही सल्लागाराच्याच कंपनीनं छापलेलं. आयजीबीसी किंवा 'गृहा' या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्था; त्यांचं प्रमाणपत्र त्या स्वतः देतात, सल्लागार नाही. आणि केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची परीक्षा पास झालेल्या ऑडिटरला नोंदणी क्रमांक असतो. तो मी मागितलाच नव्हता. नंतर मागितला, तेव्हापासून फोन बंद.

भाच्यानं एका रविवारी मोटरचा गळका फूटव्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) शोधला. तो बदलल्यावर मोटर पूर्वीच्या निम्माच वेळ चालते.

पोलिसांत अर्ज दिलाय. वकील म्हणतात, करारात 'अहवाल दिला की काम पूर्ण' असं लिहिलंय, त्यामुळं अवघड आहे.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. तोच माणूस त्यांच्याकडं गेला होता, आणि त्याच्या माहितीपत्रकात 'यशस्वी कामं' म्हणून आमच्या संकुलाचा फोटो होता. मी त्यांना अहवालाची पानं पाठवली. त्यांनी अजून आगाऊ रक्कम दिलेली नव्हती.