सायकलवरच्या कॅलरी : घड्याळ की पॉवर मीटर?

मनगटी घड्याळ कॅलरी मोजत नाही. नाडी, वजन, वय यांवरून अंदाज बांधतं. उन्हात, कमी पाणी प्यायल्यावर किंवा कडक कॉफीनंतर नाडी चढते, काम तेवढंच असतं, पण आकडा फुगतो. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या चाचणीत सात उपकरणं तपासली. सहांची नाडी 5 टक्क्यांच्या आत बरोबर होती, कॅलरीत मात्र सर्वांत चांगलं उपकरणसुद्धा सरासरी 27 टक्के चुकलं.

पॉवर मीटर पेडलवरचा जोर आणि फेऱ्यांचा वेग मोजतो. तासभर सरासरी 150 वॉट म्हणजे 540 किलोज्यूल काम. स्नायूंची कार्यक्षमता साधारण 20 ते 25 टक्के, म्हणजे खर्चलेल्या ऊर्जेतला तेवढाच भाग पेडलवर पोहोचतो, म्हणून खर्च 645 ते 516 किलोकॅलरी (बोलण्यातल्या ‘कॅलरी’ त्याच). किलोज्यूलचा आकडाच कॅलरी म्हणून धरला तरी चालतं, ते यामुळेच.

पण निघण्यापूर्वी झिरो ऑफसेट, म्हणजे जोर नसताना मीटर शून्यावर आणणं, विसरू नका; तापमान बदललं की शून्य सरकतं. एकाच बाजूचा मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करतो, डावा पाय कमजोर असेल तर हिशेब कमी येतो.

पॉवर मीटर महाग आहे, आणि पळताना कुचकामी. घड्याळच वापरायचं तर पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा जोडला तर नाडी तरी नीट मिळते.