अंगणातले पेव्हर ब्लॉक: एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या फेब्रुवारीत चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घराभोवती पेव्हर ब्लॉक घातले. साडेनऊशे चौरस फूट, ब्लॉक आणि मजुरी धरून फुटाला 65 रुपये. अकरा महिने झाले, मधे कोकणातला एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहितोय. काम संपलं त्या संध्याकाळी विचारलं असतंत तर दहापैकी दहा दिले असते.

ब्लॉक निवडताना मी भरपूर डोकं चालवलं होतं. गाडी येणार म्हणून 60 मिलिमीटर जाडीचे, एम-35 ग्रेडचे (हा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा). रबराच्या साच्यातले चकचकीत असतात, पण ओल्या पायाला सरकतात, म्हणून मशीनवर दाबलेले खरबरीत घेतले. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून आवाज ऐकला, खणखणीत. उन्हात वाळवलेला एक रात्रभर बादलीत बुडवला आणि किराणा दुकानात वजन केलं: 4 किलोचा 4 किलो 180 ग्रॅम झाला, म्हणजे साडेचार टक्के पाणी प्यायला. पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आयएस 15658 सरासरी 6 टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. दुकानदार हसला, हसू दे. ब्लॉक आजही उत्तम आहेत, एकाचाही कोपरा उडालेला नाही.

फसलो ते ब्लॉकखाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जोत्याला लागून दोन फुटांचा पट्टा बसला. पाणी गटाराकडे जायचं सोडून घराकडे वळलं आणि आतल्या खोलीच्या भिंतीला खाली ओल आली. मिस्त्रीला फोन केला तर म्हणे, "दादा, पहिल्या पावसात बसतंच ते." वडील म्हणाले, "बसतं तिथे आधी धुम्मसाने ठोकून घेतात."

नोव्हेंबरात तो पट्टा उकलला तेव्हा कळलं. ब्लॉकखाली कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, इंच-सव्वा इंच हवी, इथे चार-चार इंच होती. बांधकामाच्या वेळी पायाचा चर नुसता मातीने बुजवलेला. तिथे मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने ठोकायला हवा होता. त्याऐवजी खड्डा कचीनेच भरून वरून लेव्हल काढली. वरून सूत लावलं की सगळं सरळच दिसतं! मी कामावर होतो, पण माझं लक्ष रंगांची नक्षी जुळतेय का याकडे.

दुरुस्तीत मुरूम ठोकून घेतला आणि उतार पाण्याची नळी लावून स्वतः मोजला: 10 फुटांना अडीच इंच, घरापासून बाहेर. तेच ब्लॉक परत बसवले, नवा एकही लागला नाही. कोबा असता तर फोडावा लागला असता, हे मात्र ब्लॉकच्या बाजूने मान्य करतो.

ऑगस्टमध्ये ब्लॉकवर पांढरी भुकटी आली तेव्हा शेजारी म्हणाले, माल हलका. तसं नसतं. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हळूहळू जातो. ॲसिडने धुऊ नका, वरचा थर खाल्ला जातो. उत्तरेच्या बाजूला शेवाळ धरलं ते खराट्याने निघालं. प्रेशरच्या पाण्याने एकदा धुतलं तर सांध्यांतली बारीक रेती निघून गेली, लव्हाळा उगवला आणि मुंग्यांनी उरलेली बाहेर आणून ठेवली. रेती पुन्हा झाडून भरली, ब्लॉक डुगडुगायचे थांबले.

राहिलं गेटजवळचं. तिथे कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारे दगड, न घालता नुसतं सिमेंट लिंपलं होतं. गाडी वळते तिथेच ते फुटलं आणि शेवटच्या तीन रांगा बाहेर सरकल्या, फटीत बोट जातं. कर्बचे दगड आणून ठेवलेत, मिस्त्री शिमग्यानंतर येतो म्हणालाय. या वेळी नवा मिस्त्री आहे, आणि बघायला आला तेव्हा त्याने आधी दोन ब्लॉक उचलून खाली काय आहे ते पाहिलं.