वळवाने मोडलेले अंगणातले झाड : राखावे, खोडापर्यंत उतरवावे की काढून नवे लावावे?

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेल्या हवेतून संध्याकाळच्या सुमारास वावधान उठते, सोबत वळवाचे टपोरे थेंब किंवा गारा येतात, आणि अर्ध्या तासात दारापुढच्या कडुलिंबाची किंवा परसातल्या केशर आंब्याची दशा पाहवत नाही. आंबा तर नेमका त्याच दिवसांत फळांनी लदलेला असतो, त्यामुळे त्याच्या फांद्या नुसत्या मोडत नाहीत, तर बेचक्यातून साल सोलत खोडापर्यंत फाटत येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दोन मते पडतात. एकाला झाड मुळासकट काढून मोकळे व्हायचे असते, तर दुसऱ्याला एकही फांदी तोडू द्यायची नसते. माझ्या मते हा निर्णय मोडलेल्या फांद्या पाहून करूच नये. तो खोड आणि मुळे पाहून करावा, आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत झाडाला नेमाने पाणी घालणारे कोणी घरात आहे की नाही, हेही तितक्याच गांभीर्याने विचारात घ्यावे.

विजेच्या तारेवर पडलेल्या फांदीला हात न लावता महावितरणला कळवणे आणि डोक्यावर लोंबकळणारी फांदी त्याच दिवशी जाणकार माणसाकडून उतरवून घेणे, एवढी दोन कामे मात्र थांबू शकत नाहीत. कलंडलेले लहान झाड सोडले, तर बाकीच्या निर्णयाला आठवडाभर वेळ घेतला तरी झाडाचे काही बिघडत नाही.

त्या आठवड्यात बुंध्याभोवती एक फेरी मारून जमीन नीट पाहावी. ज्या बाजूने वारा आला त्या बाजूची माती कमानीसारखी उचललेली असेल आणि तुटलेली मुळे दिसत असतील, तर वरचा पसारा कितीही हिरवा असला तरी झाडाचा आधार गेलेला आहे. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा असतातच, त्यामुळे नेहमीची भेग आणि ही अर्धगोलाकार नवी भेग यांत गल्लत होऊ शकते. संशय असल्यास वारा सुटला असताना बुंध्यालगतची माती हलते का, ते पाहावे. खोड उभे चिरले असेल, तर भेग बेचक्यापुरती आहे की खाली बुंध्यात उतरली आहे, यावर बरेच अवलंबून असते. मूळ आणि खोड शाबूत असून पसाऱ्याचा चौथा हिस्सा किंवा फार तर तिसरा हिस्सा गेला असेल, तर झाड राखण्याचा पर्याय निःसंशय चांगला आहे. निम्म्याहून अधिक पसारा गेला असेल, तर पुढचा विचार झाडाच्या जातीवरून करावा लागतो.

राखायचे ठरले, तर सर्वांत महत्त्वाचे काम कापणीचे आहे, आणि तेच बहुतेक ठिकाणी चुकते. जड फांदी एका घावात वरून कापली, की ती तुटताना खालची साल खोडापर्यंत ओढून नेते. म्हणून खोडापासून साधारण 30 सेंटिमीटरवर आधी खालून अर्धवट काप घ्यावा, त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे, आणि उरलेला खुंट शेवटी वेगळा कापावा. हा शेवटचा काप खोडाला चिकटून नको आणि लांब खुंट ठेवूनही नको. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कडा दिसते, तिच्या लगेच बाहेर तो यावा. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले, की झाड आपली जखम माणसासारखी भरून काढत नाही, तर कुजणारा भाग आतून अडवून त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. ही अडवणूक त्या फुगीर कडेतून होते, म्हणून ती छाटली की कुजण्याला खोडात वाट मिळते. जखमेवर डांबर किंवा तेलरंग फासू नये, कारण त्याखाली ओल कोंडून राहते. आपल्याकडे फळझाडांच्या मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत आहे आणि आंब्यासाठी मी ती पाळतो. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून, एकूण दहा लिटर होईल असे प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये.

एवढे करूनही झाड जाते, तेव्हा कारण बहुधा ऊन असते. इतकी वर्षे पानांच्या सावलीत असलेल्या आतल्या फांद्या आणि खोड अचानक 42-43 अंशांच्या उन्हात उघडे पडतात, साल भाजून तडकते, आणि त्या तडकीतून भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आणि वाळवी आत शिरतात. म्हणून उघड्या पडलेल्या भागाला चुन्याचा पांढरा हात द्यावा. पाणी बुंध्याशी न ओतता पसाऱ्याच्या कडेखाली, रोज थोडे देण्याऐवजी आठवड्यातून एकदा खोलवर मुरेल असे द्यावे, आणि त्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट चार बोटे पसरून ते बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे. युरिया पहिल्या पावसाळ्यात अजिबात नको. त्याने कोवळी वाढ येते आणि मोडलेल्या झाडाला ती पेलवत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे झाड खोडापर्यंत किंवा मुख्य फांद्यांपर्यंत उतरवून नवी फूट घेणे. शेवग्याच्या बाबतीत यात विचार करण्यासारखे काही नाही, कमरेएवढ्या उंचीवर कापावे, तो पुन्हा फुटतो. सीताफळ, पेरू, चिंच आणि लिंबही चांगले फुटतात. आंबा फुटतो, पण कलमी आंबा कलमाच्या जोडाखाली मोडला असेल, तर येणारी फूट केशरची नसून खालच्या रायवळ खुंटाची असते, म्हणून आधी जोड शोधावा. नारळाचा शेंडा मोडला असेल, तर त्याला दुसरा कोंबच नसल्याने वाट पाहण्यात अर्थ नाही.

या पर्यायाचा खरा दोष दिसायला वर्षे लागतात. अंबाजोगाईला आमच्या जुन्या घरापुढच्या लिंबाची एकच फांदी मोडली होती, परंतु छाटणीला आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून आम्ही सगळे झाड एका उंचीवर सरसकट कापून घेतले. दोन वर्षांत ते पूर्वीपेक्षा दाट झाले आणि आम्हाला निर्णय योग्य वाटला. चौथ्या वर्षीच्या वळवात त्यातल्या तीन नव्या फांद्या बुडातून निखळल्या, कारण असे धुमारे सालीखालून फुटतात आणि जुन्या लाकडात त्यांची पकड नसते. म्हणून ज्याची उतरवण्याची तयारी असेल, त्याने पुढची दोन वर्षे धुमारे विरळत जाऊन प्रत्येक कापावर दोन-तीनच राखण्याचीही तयारी ठेवावी.

कलंडलेले झाड सरळ करावे का, याचे उत्तर खोडाच्या जाडीत आहे. जाडी 10 सेंटिमीटरच्या आत असेल आणि मुळे अजून ओली असतील, तर एक-दोन दिवसांत सरळ करून माती दाबावी, भरपूर पाणी द्यावे आणि दोन बाजूंनी टेकू देऊन टायरच्या ट्यूबने सैलसर बांधावे; वर्षभराने हा आधार काढावा. त्याहून मोठे झाड ओढून उभे केले, तर उरलेली मुळेही तुटतात, आणि ते पुढच्या वाऱ्यात घरावर येण्याचा धोका राहतो.

काढण्याचा पर्याय बुंध्यापर्यंत चिरलेल्या, मुळातून उचललेल्या किंवा घराला लागून उभ्या असलेल्या गुलमोहरासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडासाठी योग्य आहे. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली स्वतःच्या अंगणातले झाड तोडण्यासही परवानगी लागते, आणि खेड्यात आंबा, चिंच, जांभूळ यांना 1964 चा वृक्षतोड अधिनियम लागू होतो. अर्जासोबत जोडण्यासाठी काहीही हलवण्याआधी छायाचित्रे काढून ठेवावीत. नवे झाड जुन्या खुंटापासून दोन-तीन मीटर सरकवून लावावे, आणि आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा मेमध्येच खणून तापू द्यावा, म्हणजे जूनच्या पावसावर कलम लावता येते.

हे पर्याय शेजारी ठेवून पाहिले, तर फळासाठी फरक वाटतो तेवढा मोठा नाही. नीट उतरवलेला आंबा साधारण तिसऱ्या वर्षी पुन्हा धरू लागतो, तर नवे कलम चौथ्या-पाचव्या वर्षी. सावलीत मात्र तुलनाच नाही, कारण जुन्या मुळांवरची फूट दोन-तीन उन्हाळ्यांत अंगण झाकते आणि नव्या रोपाला त्यासाठी दहा वर्षेही पुरत नाहीत. पाण्याचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. शाबूत मुळांच्या झाडाला सांभाळायचा तो मुख्यतः हाच उन्हाळा, तर नव्या रोपाला किमान दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते. ज्या गल्लीत मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, तिथे मी केवळ या एका कारणासाठी जुने झाड राखेन. ज्यांचे मन तरीही ठरत नसेल, त्यांनी धोकादायक फांद्या तेवढ्या काढून, खोडाला चुना लावून आणि पाणी चालू ठेवून पोळ्यापर्यंत थांबावे. तोपर्यंत खोडावर फूट कुठून आली आणि कुठली बाजू सुकली, हे स्पष्ट दिसते, आणि काढायचेच ठरले, तर खणायला जमीनही तेव्हा ओली असते.